एक ग्रॅमचं आमिष फेकायचंय, तर काठी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, नुकतंच मिशिगनमध्ये कँटनला राहायला आलेलं. आठ वर्षांची मुलगी. उन्हाळ्यात तिला घेऊन ब्लूगिल आणि क्रॅपी धरायला जायचं आहे. दुकानात पन्नासेक काठ्या उभ्या: अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, पाच फुटी ते साडेसात फुटी. रिळांवर ५००, १०००, २५०० असे आकडे. विक्रेत्याने साडेसहा फुटी मीडियम काठी आणि २५०० चं रीळ हातात दिलं आणि म्हणाला, यात सगळं भागेल. मुलीला मात्र तिथलीच एक गुलाबी काठी आवडली आहे. खर्चाची तयारी ८० डॉलरपर्यंत. काय घ्यावं?

विक्रेत्याने तुम्हाला फसवलेलं नाही, हे आधी सांगतो. त्या जोडीवर बास येतो, वॉलाय येतो, झालाच तर बेताचा पाइकही येतो. ‘सगळं’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर हे मासे होते. तुम्हाला धरायचाय तळहाताएवढा मासा, आणि नेमका तोच त्या काठीला येत नाही. का येत नाही ते कळलं की बाकीचे आकडे सुटतात, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

दुकानात उभं राहिलं की आपण माशाचा विचार करतो. केवढा असेल, किती ओढेल, दोरा तुटणार तर नाही ना. पॅनफिशसाठी निघताना हा विचार घरी ठेवून जायचा. तव्यात अख्खा मावतो म्हणून तो पॅनफिश. ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च ही सगळी त्याच पंगतीतली मंडळी. आठ इंची ब्लूगिल लागला तर इथले लोक फोटो काढतात, आणि त्याचं वजन भरतं पाव किलोच्या आत. आजवरचा विक्रमी ब्लूगिल अलाबामातल्या केटोना तलावात १९५० साली टी. एस. हडसन यांनी धरला. तो होता ४ पौंड १२ औंसांचा, दोन किलोच्या जरा वर. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि तुमच्या-माझ्या हातून मोडेल अशी चिन्हं नाहीत. मासा तुमची काठी मोडणार नाही. अडचण आहे ती आमिषाची.

काठी आमिष फेकते कशी, बघा. हात मागे नेऊन पुढे झटकला की टोकाला लटकणारं वजन शेंड्याला मागे वाकवतं. वाकलेला शेंडा सरळ होता होता ते वजन भिरकावून देतो. शेंडा वाकलाच नाही, तर फेक होत नाही. ब्लूगिलसाठी वापरायचा जिग, म्हणजे डोक्याशी शिसं ओतलेला छोटा गळ, असतो १/३२ औंसाचा. ग्रॅममध्ये ०.९. क्रॅपीसाठी १/१६, पावणेदोन ग्रॅम. मासा सुस्तावलेला असेल तर १/६४, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. आता त्या मीडियम काठीच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. बहुधा असेल: आमिष १/४ ते ५/८ औंस. म्हणजे तिला सात ग्रॅमच्या खालचं काही जाणवतच नाही. तुमचा जिग तिच्या लेखी नसल्यात जमा.

माझा पहिला उन्हाळा असाच पाण्यात गेला. मी चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या काठी वाढलो. कळकाची काठी, तंगूस, एक गरी आणि करवंटीत माती घालून ठेवलेली काडवं म्हणजे गांडुळं, एवढ्या भांडवलावर शिंगट्या काढलेल्या. म्हटलं, अमेरिकेतला मासा काय वेगळा असणार! तुमच्यासारखीच मीडियम काठी घेतली, १० पौंडी दोऱ्याचं रीळ घेतलं. जिग दहा फुटांवर टप्पकन पडे. मग लांब जावा म्हणून दोऱ्याला शिशाच्या गोळ्या लावल्या. गोळ्या तोलायला मोठा लाल-पांढरा गोल बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगून चावा दाखवणारं बोंडूक, लावला. आता फेक झकास जायला लागली. बॉबर पाण्यावर थरथरायचा, स्थिर व्हायचा, पुन्हा थरथरायचा. ओढून बघावं तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ.

ब्लूगिल आमिषाला चावे घेत बसत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि काही वावगं लागलं की त्याच क्षणी थुंकतो. लिंबाएवढा बॉबर बुडवायला जो जोर लागतो, तोच त्याला वावगा. म्हणजे काठी ताठ, म्हणून वजन जास्त, म्हणून बॉबर मोठा, म्हणून मासा थुंकणार. मी गळ बदलला, आमिष बदललं, तलाव बदलला. काठी बदलायचं सुचायला ऑगस्ट उजाडला.

तेव्हा खरेदी टोकाकडून सुरू करायची. आधी गळ, मग बॉबर, मग दोरा, आणि हे सगळं ज्याला फेकता येईल अशी काठी. रीळ सगळ्यात शेवटी.

गळ घ्या ॲबरडीन जातीचा, ८ नंबर. नंबर मोठा तेवढा गळ लहान, हे उलटं गणित लक्षात ठेवा; १० नंबरही चालेल, ४ नको. ब्लूगिलचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं असतं. ॲबरडीनची तार बारीक, त्यामुळे गांडूळ फाटत नाही. दांडा लांब, त्यामुळे घशाकडे गेलेला गळ चिमटीत धरून काढता येतो. मुलीबरोबर जाणार म्हणजे दर पाच मिनिटांनी गळ तुम्हीच काढणार आहात. हा लांब दांडा तुमच्यासाठी आहे.

बॉबर उभट घ्या, पेन्सिलीच्या किंवा पेरूच्या घाटाचा, करंगळीच्या पेराएवढा. गोल लाल-पांढरे बॉबर पाकिटाने स्वस्त मिळतात. त्यातला सगळ्यात बारीक वापरला तर चालतो, बाकीचे पोरांना खेळायला. घरीच एक काम करून ठेवा. बादलीत पाणी घ्या, बॉबर, गळ आणि छोट्या गोळ्या लावलेला दोरा त्यात सोडा. एकेक गोळी वाढवत जा, इतकी की पाण्यावर बॉबरचा फक्त रंगीत शेंडा उरेल. आता त्याला बोटाच्या टोकाने नुसतं टेकवा. बुडला पाहिजे. बोटाला दाब द्यावा लागला तर अजून एक गोळी. हे तलावावर करायला गेलात तर वाऱ्यात काही कळत नाही, वर मुलगी घाई करते ते वेगळंच.

गोळ्या कथलाच्या घ्या. न्यू हॅम्पशर, मेन अशा काही राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण लून नावाचे पाणपक्षी तळातल्या खड्यांबरोबर ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. मिशिगनमध्ये सक्ती नाही. पण गोळी दोऱ्यावर दातांनी चेपायची खोड सगळ्यांनाच असते, आणि तुमचं बघून मुलगी तेच करणार. कथील थोडं महाग पडतं, पडू दे.

आता दोरा. माझ्या मते या सगळ्या खरेदीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच, आणि तीच लोक न बघता घेतात. ४ पौंडी मोनोफिलामेंट (मोनो) घ्या, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, आपल्याकडचा साधा तंगूसच, फक्त मऊ जातीचा. जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. ४ पौंड म्हणजे १.८ किलोला तुटणारा. पाव किलोच्या माशाला रग्गड. ८ पौंडी घेतला तर मासा निसटायचा नाही खरा, पण जाड दोरा रिळावर वेटोळी धरून बसतो. ती वेटोळी उलगडायला ओढ लागते, आणि एक ग्रॅमच्या जिगमध्ये तेवढी ओढ नसते. दोरा स्प्रिंगसारखा उसळतो, काठीवर तो ओवायच्या कड्या असतात त्यांवर घासतो, फेक अर्ध्यावर पडते. २ पौंडी दोरा यात सरस. मी स्वतः थंडीत वापरतो. पण पाणवनस्पतीत एकदा अडकला की गेला, आणि गाठ जराशी चुकली तरी तुटतो. पहिल्या वर्षी नको.

विणलेल्या दोऱ्याचं, ज्याला ब्रेड म्हणतात, कौतुक फार ऐकाल. बारीक असतो, जोर दांडगा, फेक लांब. पण तो ताणला जात नाही. मोनो ताणतो आणि तुमच्या हातून झालेला आगाऊ झटका पचवतो. क्रॅपीचं तोंड इतकं नाजूक की इथे त्याला कागदी तोंडाचाच म्हणतात. ब्रेडवर झटका दिलात की ओठ फाटून मासा पाण्यात. शिवाय मुलं गुंता करतात. मोनोचा गुंता सुटतो. ब्रेडचा गुंता सोडवताना नखं जातात आणि शेवटी कात्रीच लागते. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणतात, पण तो ताठ. छोट्या रिळावर नवख्याला छळतो.

दोरा रिळावर भरताना कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडून भरा, त्यापेक्षा कमी भरू नका. कमी भरला की बाहेर पडताना तो काठावर घासतो. जड आमिषाला हे कळत नाही, आपल्या जिगला कळतं. ऊन नायलॉनला खातं, तेव्हा दर वसंतात दोरा बदला. सहा-सात डॉलरचं काम आहे.

गाठ एकच शिका, क्लिंच. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्यालगतच्या फटीतून काढा, मग मागे झालेल्या मोठ्या फटीतून काढा. आणि आवळण्याआधी थुंकी लावा. हे गमतीने म्हणत नाही. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. ओल्या गाठीचे वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसलेले दिसतील. तसे दिसले नाहीत तर कापा, पुन्हा बांधा.

एवढं झाल्यावर काठी निवडणं सोपं. अल्ट्रालाइट, सहा ते साडेसहा फूट, लेबलवर आमिषाचा खालचा आकडा १/३२ औंस आणि दोरा २ ते ६ पौंड. खालचा आकडा बघायचा. वरच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. काही काठ्यांवर अल्ट्रालाइट लिहून खाली १/१६ छापलेलं असतं. त्याही चालतात, पण शेजारी १/३२ ची काठी असेल तर ती घ्या.

लांबीबद्दल दोन मतं आहेत. पाच फुटी काठी झाडीतल्या ओढ्यावर आणि छोट्या होडीत सोयीची, म्हणून बहुतेक स्वस्त अल्ट्रालाइट पाच फुटी येतात. तुम्ही काठावरून, धक्क्यावरून मासे धरणार. तिथे लांब काठी बॉबर हलकेच उडवते, दोरा लव्हाळ्यावरून उचलून धरते, आणि बॉबर बुडाल्यावर पाण्यावरचा ढिला दोरा एका उचलीत ताणून घेते. सात फुटी मिळाली तर मी तीच घेतो, पण गाडीत ठेवायचा प्रश्न असतो. दोन तुकड्यांची घ्या. मी आजवर जेवढ्या काठ्या मोडलेल्या पाहिल्यात, त्यातल्या बहुतेक गाडीच्या दारात मोडल्या. माशाने मोडलेली एकही नाही.

लेबलवर पॉवर आणि ॲक्शन असे दोन शब्द असतात, त्यांची गल्लत होते. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे वाक कुठे पडतो: फास्ट म्हणजे फक्त शेंड्याला, मॉडरेट म्हणजे अर्ध्यापर्यंत. हलक्या आमिषाला आणि कागदी तोंडाला मॉडरेट बरी. ती सावकाश वाकते, झटका मुरवते. बासवाले फास्टचे गोडवे गातात. त्यांचं बरोबर आहे, त्यांचा मासा वेगळा.

दुकानात लाजायचं नाही. काठी जोडा, रीळ बसवा, मूठ हातात धरून मनगटाने हलकी थरथर द्या. थरथर शेंड्यातच राहून लगेच विझली पाहिजे. मुठीपर्यंत डुलत राहिली तर काठी जड आहे. मग बायकोला शेंड्याची कडी दोन बोटांत धरायला सांगा आणि तुम्ही मूठ सावकाश उचला. तिच्या बोटांना ओढ जाणवायच्या आत शेंडा चांगला वाकायला हवा. घरून कापसाची काडी न्या आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर कडीला चीर आहे. तीच चीर ४ पौंडी दोरा महिनाभरात कापते.

ग्रॅफाइट हलकी, चावा हाताला पटकन कळतो, पण आपटली की तडकते. फायबरग्लास जड आणि चिवट. दोन्हींच्या मिश्रणाची अग्ली स्टिक १९७६ पासून बाजारात आहे; पारदर्शक, भरीव शेंड्याची ही काठी पोरं असलेल्या घरात वर्षानुवर्षं टिकते. तिला नाकं मुरडणारे खूप आहेत. माझ्या गॅरेजमध्ये दोन आहेत. विस्कॉन्सिनच्या पार्क फॉल्समधल्या सेंट क्रॉइच्या काठ्या हातात घेतल्या तर सोडवत नाहीत, पण तुमच्या बजेटात एकही बसणार नाही, तेव्हा आत्ता त्या रांगेकडे फिरकूच नका.

रीळ १००० चं (हा आकडा रिळाच्या आकाराचा), उघडं, स्पिनिंग प्रकारचं. वजन दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ५०० चं रीळ बाहुलीच्या भांड्यांतलं असावं इतकं गोड दिसतं, पण त्याचं चाक लहान, म्हणून दोऱ्याची वेटोळी घट्ट. २५०० वर वेटोळी सैल पडतात हे खरं. मात्र हलक्या काठीच्या बुडाला ते लोढणं होतं आणि दिवसभरात मनगट धरतं. डब्यावर बॉल बेअरिंग किती ते ठळक छापलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करा. बघायचा तो ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा घसरू देणारा ब्रेक. दुकानात तो अर्धवट आवळून दोरा हाताने हळू ओढा. सुरुवातीलाच गचका बसला तर ते रीळ ठेवून द्या. ब्लूगिलला ड्रॅग लागतो कुठे, असं वाटेल. पण त्याच उथळ पाण्यात मोठ्या तोंडाचे बास फिरतात, आणि कधीतरी दीड किलोचा बास तुमचं गांडूळ उचलणार. त्या दिवशी तो गचका दोरा तोडतो.

ड्रॅग किती आवळायचा? दोऱ्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा, म्हणजे १ पौंड. घरच्या घरी मोजायची युक्ती: अर्धा लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोऱ्याला बांधा आणि काठी आडवी धरून उचला. बाटली अगदी सावकाश खाली सरकायला लागली की ड्रॅग बरोबर बसला. आणि रिळावर दोरा गुंडाळणारी तारेची कमान असते, फेकण्याआधी ती उघडायची; फेकून झाल्यावर ती हाताने पाडा, हँडल फिरवून नको. हँडलने पाडलीत की दर फेकीला दोऱ्यात एकेक पीळ चढतो, आणि संध्याकाळपर्यंत रिळावर केसांचा अंबाडा तयार.

हे झालं तुमचं. मुलीसाठी मात्र मी वेगळंच सुचवतो: रीळच नको. दहा फुटी, एकात एक सरकणारी फायबरग्लासची काठी पंधरा-वीस डॉलरला मिळते. तिच्या शेंड्याला काठीपेक्षा हातभर कमी दोरा बांधायचा, टोकाला बॉबर, कथलाची एक गोळी आणि गळ. फेकायचं नाही, नुसतं झुलवून ठेवायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीने असेच ब्लूगिल आणि क्रॅपी काढत आलेत. आमच्या वाशिष्ठीवरच्या कळकाचीच ही बहीण. गुंता नाही, ड्रॅग नाही, बटण नाही. बॉबर बुडाला की उचल. आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या तासात मासा लागणं महत्त्वाचं, आणि या काठीवर तो लागतो.

याला कारण ब्लूगिलचा हंगाम. मिशिगनमध्ये मेच्या अखेरीस ते जूनमध्ये पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ब्लूगिल काठाला येऊन घरटी करतात. नर शेपटीने रेती साफ करून खळगे काढतात, एकाला लागून एक, पंगतीला ताटं मांडल्यासारखे. ऊन वर आलं की पोलरॉइड चष्म्यातून काठावरूनच दिसतात. पाणी दोन-चार फूट. तिथे साठ फूट फेकणारी काठी काय कामाची? एक मात्र करा. घरट्यावर पहारा देणारे ते मोठे, गडद छातीचे नर सगळेच डब्यात टाकू नका. मोठे नर काढत गेलं की मागचे लहानपणीच वयात येतात, वाढ तिथेच थांबते, आणि काही वर्षांत तलावात चार-चार इंची मासे उरतात. ब्लूगिलची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला २५ आहे, काही तलावांवर त्याहून कमी. मी सहा-सात मध्यम ठेवतो. रवा लावून तळायला तेवढे पुरतात.

परवाना १७ वर्षांखालच्यांना लागत नाही. पण तुम्ही तिला गळ लावून देणार, मासा ओढायला मदत करणार; मग तुमच्याकडे हवा, तुमची स्वतःची काठी पाण्यात नसली तरी. मिशिगनचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो, तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचा घेऊ नका.

कँटनहून केन्सिंग्टन मेट्रोपार्कचा केंट लेक अर्ध्या तासावर आहे, काठावर बसायला जागा भरपूर. पण तिथले मासे खायचा बेत असेल तर आधी राज्याच्या आरोग्य खात्याची ‘ईट सेफ फिश’ यादी बघा. २०१८ मध्ये पीएफएएस रसायनांमुळे ह्युरॉन नदीतले, केंट लेकसकट, मासे खाऊ नका असा इशारा निघाला होता. अशा सूचना बदलत राहतात, तलावागणिक आणि माशागणिक वेगळ्या असतात. शिकायला केंट लेक, खायला दुसरा तलाव, असंही करता येतं.

हिशोब बघू. काठी-रिळाची तयार अल्ट्रालाइट जोडी ४५ च्या आसपास. जोडी म्हणून कमी समजू नका, फक्त तिच्यावर भरून आलेला दोरा काढून टाका. दोरा ६. गळ, जिग, बॉबर, गोळ्या मिळून १०. बिनरिळाची काठी १५. झाले ७६. भाव दुकानागणिक इकडेतिकडे होतील. उरलेल्या चार डॉलरांत गांडुळांची डबी येते.

राहिली गुलाबी काठी. ती बटणवाली, झाकलेल्या रिळाची असणार. हा प्रकार १९४९ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एका कारखान्यात सुरू झाला. ती कंपनी तेलविहिरींत वापरायचे स्फोटक बॉम्ब बनवायची, नाव ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’. त्याचंच आखडून झेबको झालं. बटण दाबा, सोडा, दोरा सुटला. इतकं सोपं की लाखो अमेरिकन पोरांनी पहिला मासा यावरच धरला. खोट एवढीच की दोरा झाकणाच्या छोट्या भोकातून घासत बाहेर येतो, आणि बहुतेक रिळं जाड, १० पौंडी दोरा भरूनच येतात. त्यावर जिग जाणार नाही.

तरी तिने निवडली असेल तर घ्या. बजेट दहा-पंधरा डॉलरने फुटेल, आणि ते तुम्हाला दुकानात उभ्या उभ्याच कळलेलं आहे. घरी आल्यावर झाकण फिरवून काढा, आतला जाड दोरा उपसून ६ पौंडी भरा. ४ पौंडी नको, त्या रिळात तो फिरकीच्या मागे जाऊन अडकतो. पाण्यावर पोचल्यावर आधी लांब काठी तिच्या हातात द्या. दोन-चार ब्लूगिल निघाले की ती स्वतःच गुलाबी मागेल. तोवर तुम्ही थोडं लांब उभं राहून तुमचा १/३२ चा जिग फेकून बघा, आणि टोपी सांभाळा: मुलं फेकताना मागे बघत नाहीत.